कॉलवाल्या काकांची वही

झोपलेल्या माणसाला नीट उठवता येणारा पृथ्वीवर आता एकच माणूस शिल्लक आहे, आणि तो डिलाईल रोडवर आमच्या चाळीत, माझ्यापासून चार दारं सोडून राहतो. बाकी सगळे नुसते ओरडतात. चाळीत त्यांना कॉलवाले काका म्हणतात. घाटमाथ्यावरच्या एका रेल्वेच्या गावात ते कॉलमन होते. वाफेच्या इंजिनांच्या काळात त्या गावात प्रत्येक गाडीचं इंजिन बदलायचं, त्याबरोबर ड्रायव्हर, फायरमन, गार्डही बदलायचे, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या क्वार्टरवर जाऊन त्याला उठवायचं काम कॉलमनचं. हातात कॉलबुक नावाची वही. तिच्यात माणसाचं नाव, कॉलची वेळ, कुठली ड्यूटी, आणि शेवटच्या रकान्यात उठलेल्या माणसाची सही. गाडीला उशीर झाला की साहेब आधी ती वही मागवायचे. पुढे वाफेची इंजिनं गेली, ती ठेवायची शेड बंद पडली, काकांची बदली परळच्या वर्कशॉपात झाली, तिथून ते निवृत्तही झाले, त्याला वीस वर्षं होऊन गेली. वही मात्र त्यांनी एक दिवसही मिटली नाही.

काकांच्या मते उठवण्यात काही विशेष नाही. "कुत्रंसुद्धा भुंकून उठवतं हो. शेजारच्या क्वार्टरात रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलाय, त्याने कूससुद्धा बदलता कामा नये, आणि आपला माणूस उठला पाहिजे. ते काम." कुणाची काच नखाने वाजवायची, कुणाची कडी दोनदाच हलवायची, कुणाच्या बायकोला आधी हाक मारायची, हे त्यांना आजही क्वार्टर नंबरासकट पाठ आहे. चौदा नंबरचा एक ड्रायव्हर म्हणे दार फोडलं तरी उठायचा नाही, पण खिडकीशी हळूच "गाडी लेट आहे" म्हटलं की ताडकन उठून बसायचा. आणि या सगळ्यावर एक नियम: पाय जमिनीला लागल्याशिवाय सही घ्यायची नाही. अंथरुणातून "उठलो, उठलो" म्हणणाऱ्यावर काकांचा काडीचा विश्वास नाही. पाय खाली आले, आपल्या डोळ्यांनी पाहिले, की मगच वही पुढे.

डिलाईल रोडला आल्यावर त्यांनी आमच्या चाळीचंच रेल्वेचं गाव करून टाकलं. दहावीची मुलं, पहिल्या पाळीचे कामगार, दुबईच्या विमानाला निघालेले जावई, सगळे आदल्या संध्याकाळी काकांकडे नाव नोंदवायचे. तळमजल्यावरच्या एका नवरदेवाला लग्नाच्या दिवशी उठवायला गेले, तेव्हा पठ्ठ्याने पांघरुणातून हात बाहेर काढून सही मागितली. काका जागचे हलले नाहीत. हळद लावलेले दोन्ही पाय फरशीवर टेकेपर्यंत ते दारात उभे, मागे करवल्या खिदळतायत. "मुहूर्त टळला तर तुझा सासरा माझी वही मागवेल," काका म्हणाले. मोबाईलच्या गजरावर त्यांचा खास राग. "वाजतो आणि गप्प बसतो. माणूस उठला की नाही, ते बघायला थांबतो का तो?"

पण लोकांना गप्प बसणाराच आवडला. एकेकाने मोबाईल घेतला. मग एकेकाने खोलीच सोडली, कुणी बदलापूरला गेलं, कुणी विरारला. ज्या वहीत एका दिवसाला एक पान पुरत नसे, तिच्यात गेली काही वर्षं दिवसाला एकच ओळ असते. ती माझी. मी परळच्या एका हॉस्पिटलात लॅबोरेटरीत रक्त तपासायचं काम करायचे, ड्यूटी सकाळी सातची. मी नर्स नाही हे काकांना शंभरदा सांगून झालं. हॉस्पिटलात जाणारी प्रत्येक बाई त्यांच्यालेखी सिस्टर.

सकाळी साडेपाचला दारावर दोन टिचक्या.

"सिस्टर, सातची ड्यूटी. कॉल दिला."

"उठले, काका."

"पाय?"

"जमिनीवर."

मग मी दार उघडायची, केस सारखे करत, चष्म्याशिवायच त्यांच्या बोटाच्या अंदाजाने सही करायची, आणि ते वही काखेत मारून परत जायचे. खरं सांगायचं तर मला पाचच्या आधीच जाग येते. कित्येक वर्षं येते. आई गेल्यापासून तर झोप अशी फार नाहीच. पण मी दिवा लावत नसे. निपचित पडून त्या दोन टिचक्यांची वाट पाहायची. सुट्टीच्या दिवशी तेवढंही बोलणं घरात होत नसे, आणि असे दिवस मला खायला उठत.

गेल्या हिवाळ्यात काकांना त्या गावाहून फोन आला. चौदा नंबरच्या त्या झोपाळू ड्रायव्हरची नात बोलत होती. गावातून गाड्या आता न थांबता जातात, निम्मी क्वार्टर्स पडीक होती, शेडमध्ये पिंपळ उगवले होते. तिने आणि गावातल्या काही बायकांनी मिळून सहा क्वार्टर्स चालवायला घेतली होती, पर्यटकांना राहण्यासाठी. उद्घाटनाला जुना माणूस म्हणून काकांचा सत्कार करायचा होता. काकांनी त्यातलं एवढंच ऐकलं, की बोलावलंय. "सिस्टर, मला कॉल आलाय," ते मला येऊन म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांना कॉल दिला, स्वतःला आलेला हा पहिलाच. त्यांनी खाकी कपडे परीटघडीचे करून आणले, नवी वही घेऊन पट्टीने रकाने आखले, आणि अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला एकटं कसं सोडायचं म्हणून मी दोन दिवसांची रजा टाकली.

गाव छानच सजवलं होतं. शेडमध्ये उपाहारगृह झालेलं, पाटीवर 'फायरमन मिसळ' आणि 'गार्डसाहेब थाळी'. एका जुन्या इंजिनाला काळा चकचकीत रंग देऊन चौथऱ्यावर चढवलेलं, त्याच्यापुढे लोक फोटो काढत होते. काका इंजिनाकडे बराच वेळ बघत राहिले. "एवढं स्वच्छ ते कधीच नव्हतं," म्हणाले. मग क्वार्टर्सची ओळ आली, आणि चालता चालता ते प्रत्येक दाराशी आवाज एकदम खाली आणू लागले. भर दुपारी, रिकाम्या घरांसमोर हा माणूस कुजबुजत होता. कुणीतरी रात्रपाळी करून झोपलं असेल अशी पन्नास वर्षांची सवय. मीही मुकाट्याने चपला हातात घेतल्या.

सत्काराला शाल झाली, नारळ झाला. दोन शब्द बोला म्हटल्यावर काकांनी माईकसमोर सगळ्यांवरून नजर फिरवली. "सगळे जागे दिसताय. मग माझं काय काम?" असं म्हणून ते खाली बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला, त्यांना वाटलं हसतायत, ते ओशाळले. पण त्या मुलीला ते फार आवडले. संध्याकाळी ती म्हणाली, "काका, राहा ना तुम्ही इथेच. चौदा नंबरची मागची खोली रिकामी आहे. गेस्टना सूर्योदय बघायला टेकडीवर न्यायचं असतं, त्यांना तुम्ही कॉल द्यायचा. खराखुरा कॉलमन! लोकांना किती भारी वाटेल."

काकांचा चेहरा त्या वेळी मी पाहिला. वीस वर्षांत तसा पाहिला नव्हता. आणि सांगायला लाज वाटते. त्यांचं भलं होत होतं, आणि मला ते व्हायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी एकाच पाहुण्याने नाव नोंदवलं होतं. आमच्या चाळीच्या मागे मिलच्या जागेवर जो काचेचा टॉवर उभा आहे, तिथल्याच कुठल्याशा ऑफिसातला, तीन नंबरमध्ये उतरलेला. पावणेसहाला काका कडक खाकीत, नवी वही घेऊन त्याच्या दाराशी. मी समोरच्या व्हरांड्यात शाल लपेटून बसले होते. टिचक्या. आतून आवाज, "हो हो, थँक यू." दुसरा कुणी असता तर निघाला असता. काकांनी घड्याळ पाहिलं, पाच मिनिटं थांबले, पुन्हा टिचक्या.

"अहो उठलोय काका!"

"पाय?"

"काय?"

"पाय जमिनीला लागले का?"

आत पलंग करकरला. पाच मिनिटांनी पुन्हा टिचक्या. शेजारचं एकही दार हललं नाही, ही खरी कमाल. पण सूर्य टेकडीवर पुरता वर आला तेव्हा तीन नंबरचं दार उघडलं आणि तो गृहस्थ बर्म्युडात बाहेर येऊन ओरडला, "मला नाही बघायचा सूर्योदय! मी झोपायला आलोय इथे! काय कटकट आहे यार!" काकांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही जमिनीवर होते. त्यांनी वही पुढे केली.

त्याने सही केली नाही. थेट त्या मुलीकडे गेला.

मुलीने पाहुण्याची समजूत काढली, काकांना चहा दिला, आणि फार गोडीने म्हणाली, "काका, एकदाच दार वाजवायचं आणि पुढे जायचं. नाही उठले तर त्यांची मर्जी. सुट्टीवर आलेली माणसं आहेत हो."

"मग तो कॉल कसला?" काका म्हणाले. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

तिने मला बाजूला घेतलं. "मावशी, तुमचं ऐकतात ते. तुम्ही समजावलंत तर जमेल ना त्यांना?" मी समजावलं असतं तर जमलं असतं. दोन दिवस कुरकुरले असते, तिसऱ्या दिवशी शिकले असते. मी म्हटलं, "नाही गं. ते आता बदलायचे नाहीत." एवढंच म्हटलं. परतीच्या गाडीत काका शालीची घडी मांडीवर घेऊन बसले होते आणि मी घाट संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. दादरला उतरल्यावर ते म्हणाले, "उद्या सातचीच ना, सिस्टर?"

मार्चअखेरीस मी निवृत्त झाले. काकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वहीतली ती एक ओळही गेली असती, असं मी स्वतःला समजावलं. माझ्या दारावरच्या टिचक्या गेल्या असत्या हे जास्त खरं. मग रोजचं नाटक सुरू झालं. साडेपाचला उठायचं, सही करायची, साडी नेसून, पर्स घेऊन, सव्वासहाला जिना उतरायचा, आणि दुपारी तीनपर्यंत घरी फिरकायचं नाही. हॉस्पिटलसमोर चहा घ्यायची, वाचनालय उघडायची वाट बघायची. अँटॉप हिलच्या मावसबहिणीकडे इतक्यांदा जाऊन बसले, की एक दिवस तिने दार लावून हळूच विचारलं, "तुला काही होतंय का गं?"

अशातच त्या मुलीचा मला फोन आला. "मावशी, आता ट्रेकिंगवाले ग्रुप येतात. त्यांना काकांसारखा खमकाच माणूस पाहिजे, पाय खाली ठेवल्याशिवाय न हलणारा. खोली अजून तशीच आहे. विचाराल का काकांना?"

विचारते म्हटलं, आणि आठ दिवस विचारलं नाही. रोज सही करताना तोंडाशी यायचं, रोज गिळायची. नवव्या दिवशी चष्मा लावून दारातच उभी राहिले. त्यांच्या तोंडाकडे बघून सांगायचं होतं. टिचक्या व्हायच्या आधीच दार उघडलेलं पाहून काका दचकले. मी सगळं सांगितलं. फोनचं, खोलीचं, आणि त्या सकाळी मी तिला काय म्हटलं होतं तेही.

काकांनी ऐकून घेतलं. "चौदा नंबर?" त्यांनी विचारलं.

"हो. मागची खोली."

त्यांनी काखेतली वही काढून आजचं पान उघडलं. मग म्हणाले, "आणि तुमची सातची ड्यूटी? तुम्हाला कोण उठवणार?"

आता निवृत्तीचंही सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, पण त्यांनी वही पुढे केलीच होती. चष्म्यातून ते पान मी पहिल्यांदाच वाचलं. मार्चअखेरपर्यंत माझ्या नावापुढे ड्यूटीच्या रकान्यात 'सातची' असं लिहिलेलं होतं. एक एप्रिलपासून रोज, त्याच घोटीव अक्षरात, 'घरीच' असं लिहिलेलं होतं. आणि प्रत्येक 'घरीच'पुढे माझी सही.

मी वर पाहिलं. काका पेनाचं टोपण काढण्यात गुंतले होते.

"पाय?" ते म्हणाले.

"जमिनीवर," मी म्हटलं आणि सही केली.

त्या दिवशी मी पर्स उचलली नाही. चहा टाकला, दोन कप. चौदा नंबरच्या खोलीचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मीही काढलं नाही.