नखाचा ओरखडा

माझे वडील, अप्पा, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. मुकुंदवाडीच्या आमच्या घरात ताटवाट्यांपेक्षा दगड जास्त. आई वैतागायची, "पाहुणे बसवू कुठं, दगडांवर?" आता आई नाय, आणि अप्पांना माणसं आठवत नाहीत. मला ते 'बाई' म्हणतात, वर अहो-जाहो करतात. जन्मभर 'अगं ए' म्हणून ओरडणारा बाप अदबीनं बोलायला लागला की आपल्याच घरात पाहुणी झाल्यासारखं वाटतं.

त्या रविवारी माझं डोकंच फिरलं. मी चहा दिला तसं त्यांनी पुन्हा विचारलं, "बाई, तुमचं गाव कोणतं?" मी फडताळातला हिरवट, काचेसारखा खडा काढून त्यांच्यापुढं आदळला. वैजापूरकडं एका विहिरीच्या खोदकामात निघालेला. मी शाळेत असताना आम्ही दोघांनी जाऊन आणला होता. "सांगा, काय आहे हे?" मनात एकच होतं, हा ओळखला तर मलाही ओळखतील.

अप्पा सावरून बसले. रंगाकडं त्यांनी बघितलंच नाय. रंग फसवा असतो, हे ते पोरांना पहिल्याच तासाला सांगायचे. आणि तपासल्याशिवाय अंदाजानं नाव ठोकलं की सरळ शून्य मार्क. खडा खिडकीशी धरून त्यांनी फिरवला, फुटलेली सपाट बाजू चाचपली, तिथली मोत्यासारखी झाक बघितली. मग नख ओढलं. ओरखडा नाय. चाकू मागितला, चाकूनं बारीक रेघ उठली.

"गारगोटीनं चाकूला दाद दिली नसती," ते म्हणाले. "आणि ॲसिडचा थेंब टाकला तर हा फसफसणार नाय, म्हणजे कॅल्साइट पण नाय. अपोफिलाइट. विहिरीतला असणार."

अगदी बरोबर. मला रडूच आलं. "आणि मी? अप्पा, मी कोण?"

त्यांनी माझा हात धरला, खिडकीशी नेला, उलटासुलटा करून बघितला. अंगठ्याचं नख मनगटावरून ओढलं. पांढरी रेघ उठली, मग लाल झाली. त्या रेघेवरून त्यांनी हळूच बोट फिरवलं.

"लई मऊ आहे," ते म्हणाले. "नाव नाय सांगता येत, बाई. अंदाजानं सांगू नये."