ब्रेकबाईचा रुंद पाइप

गाडी शिकायला येणारे लोक तिला पाठीमागे ब्रेकबाई म्हणायचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्यावर तिचा पाय इतकी वर्षं टेकलेला होता, की आता गाडी नसली तरी तो आपोआप हलायचा. जेवताना नवरा पाण्याचा पेला काठोकाठ भरायला लागला, की टेबलाखाली तिचा पाय फरशीवर दाबला जायचा.

"कुणाला थांबवतेयस?" तो विचारायचा.

"सवय," ती म्हणायची.

दुसऱ्याच्या हाती गाडी द्यायची आणि आपण शेजारी बसायचं, हा तिचा पेशा. दिवसभर पहिला गिअर, दुसरा गिअर, चौकात बंद पडलेली गाडी आणि मागून हॉर्न. ती कधी कुणावर ओरडली नाही. घाबरू नका, क्लच सोडा, हळू, अजून हळू. पण दिवसभर लोकांना हळू शिकवणाऱ्या या बाईला स्वतःला कुठलीच गोष्ट हळू झालेली खपायची नाही. दूध तापत ठेवलं की ती भांड्यासमोर येरझारा घालायची. लिफ्टला उशीर झाला की जिन्यानं निघायची आणि वर पोचल्यावर, आपण आधी आलो की लिफ्ट, हे वळून बघायची.

नवरा बरोबर उलट्या घडणीचा. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरही शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच पुडा फोडायचा. "तुमचं दोघांचं जमलं कसं?" असं मुलगी विचारायची. "जमलं कुठं? चाललंय," असं तो शांतपणे सांगायचा आणि ती हसत सुटायची.

मुलगी नोकरीसाठी डोंगरापलीकडच्या शहरात राहायला गेली आणि घरात एकाएकी फार जागा झाली. त्याच सुमारास तिनं जुन्या गाड्यांच्या बाजारातून एक टर्बो गाडी घेतली. लहानशीच, करड्या रंगाची, मागच्या दारावर ओरखडा असलेली. नवऱ्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही कुणाला शिकवायला?"

"कुणालाही नाही. ही माझी."

पहिले काही दिवस ती खूश होती. मग तिला ती गोष्ट खुपायला लागली. अॅक्सिलरेटर दाबला की गाडी आधी जरा विचार करायची. काहीच घडायचं नाही, आणि मग एकदम पाठीत धक्का बसून पळायला लागायची. मधला तो क्षण तिला सहन होईना. आयुष्यभर लोकांच्या चुकांआधी पाय दाबायची सवय असलेल्या बाईला, पाय दाबल्यावर वाट बघायला लावणारी गाडी मिळाली होती. ती घरी येऊन त्याबद्दल बोलायची, झोपताना बोलायची. नवरा म्हणाला, "सांगून बघ तिला. ऐकेल." ती त्या दिवशी हसली नाही.

शहराच्या टोकाला एक सायलेन्सरवाला होता. त्याच्या बायकोला तिनंच गाडी शिकवली होती. शेडमध्ये छतापासून वाकडेतिकडे पाइप टांगलेले, जमिनीवर वेल्डिंगचे काळे डाग, आणि कोपऱ्यात एक रेडिओ, जो कुणी ऐकत नव्हतं. त्यानं गाडी लिफ्टवर चढवली आणि खालून टॉर्च मारला.

"हा बघा मॅडम, टर्बोच्या, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याच्या, तोंडापासून खाली येतो तो डाउनपाइप. कंपनीचा अरुंद आहे. वरून धूर दामटतोय आणि खाली गल्ली चिंचोळी. जोर अडकतो."

"रुंद केला तर?"

"तर टर्बो लवकर जागा होईल. मात्र धूर साफ करणारा डबा आतमध्ये असलेलाच पाइप घालू. तो काढून मी गाडी देत नाही. आणि कॉम्प्युटरचं सेटिंग थोडं बदलावं लागेल."

"आज होईल?"

सायलेन्सरवाल्यानं टॉर्च विझवला. "मॅडम, पाइप तर मागवू दे."

पाइप येईपर्यंत तिनं घरातली सगळी कपाटं आवरली. नवऱ्याची पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, त्यानं ती पुन्हा त्याच्या पद्धतीनं लावली, यावर दोघांचं थोडं वाजलं. शेवटी पाइप आला. ती सुट्टी टाकून शेडमध्ये जाऊन उभी राहिली. बसायला स्टूल दिलं तर त्यावर पर्स ठेवली.

काम सोपं निघालं नाही. जुने बोल्ट गंजून धरून बसले होते. तेल मारा, तापवा, पुन्हा तेल मारा. एक बोल्ट तुटलाच, तो ड्रिल करून काढावा लागला. नवा पाइप हातात घेऊन ती त्याच्या आत बघत होती, मूठ आरपार जाईल एवढा रुंद. तेवढ्यात सायलेन्सरवाला खालून बाहेर आला. त्याच्या हातात धातूची एक चपटी रिंग होती, एका बाजूला दबून चिरलेली.

"टर्बो आणि पाइपच्या मधलं गॅस्केट. हे गेलंय. नवं सोमवारी येईल."

"शनिवारी आम्हाला मुलीकडे जायचंय."

"दुसऱ्या गाडीनं जा ना."

"हेच पुन्हा घालता येणार नाही?"

"घालता येईल. पण धरेलच असं नाही. इथून गळलं तर न साफ झालेला धूर गळतो, आणि गाडीत बसणाऱ्यांसाठी आत हवा घेणाऱ्या जाळीच्या अगदी खाली."

"सीलंट लावा. सोमवारी मी परत आणते."

"नको मॅडम," तो म्हणाला. ती लिफ्टच्या खांबावर बोटं वाजवत उभी होती. थोड्या वेळानं त्यानं फट बुजवणाऱ्या सीलंटची ट्यूब उचलली.

संध्याकाळी तिनं गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला. गाडी लगेच निघाली. मधला क्षण नाहीसाच झाला होता. आवाजही बदलला होता, जरा जाड, घसा साफ केल्यासारखा. घरी जायचा रस्ता सोडून ती बाह्यवळणावर गेली, तिथून पुढे, मग परत, मग पुन्हा पुढे. इतकं समाधान आपल्याला याआधी कशानं मिळालं होतं ते तिला आठवेना. पण घराखाली गाडी लावताना तिच्या मनात आलं, सेटिंग अजून थोडं वाढवलं तर?

शनिवारी थंडी होती. नवरा मांडीवर मुलीसाठी घेतलेला डबा धरून बसला. चढावर तिनं त्याला गाडीची ओढ दाखवली, त्यानं दाराचा दांडा धरला आणि "कळलं," म्हणाला.

"गाडीला वास येतोय का ग?" त्यानं मध्येच विचारलं.

"नवा पाइप आहे. तापला की येतो."

डोंगराच्या मध्यावर रस्त्याचं काम निघालं. एकच बाजू चालू, गाड्यांची रांग वळणामागून वळणापर्यंत. काचा बंद, हीटर चालू. दोन हात पुढे, मग थांबा. दोन हात पुढे, मग थांबा. अशा रांगेत एरवी तिनं स्टिअरिंगवर तबला वाजवला असता. नवऱ्याची मान हळूहळू कलली आणि तो झोपला.

तो तिच्या गाडीत कधी झोपला नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या शेजारी बसला की तो रस्त्यावरून नजर काढत नसे. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला फार बरं वाटलं. कपाळात ठणकत होतं, पण तेही दूर कुठंतरी. समोरची गाडी पुढे गेली. मागून कुणीतरी हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग दाबूनच धरला. ती ऐकत होती. पुढचा रस्ता मोकळा पडलेला तिला दिसत होता, आणि तिला घाई वाटत नव्हती.

तेवढ्यानंच ती घाबरली.

घाई नाही, हे तिच्या ओळखीचं नव्हतं. तिनं हात काचेच्या बटणाकडे नेला, तो बाजूलाच पडला. पुन्हा नेला. काच खाली आली, थंड हवा तोंडावर आदळली. तिनं इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि गाडीला धरत धरत दुसऱ्या बाजूला गेली. "उठा. अहो, उठा." त्याचे गाल लालबुंद होते. तो डोळे उघडत नव्हता. तिनं त्याला काखेत धरून ओढलं, दोघंही कडेच्या खडीवर बसले, डबा घरंगळत गेला. मागचा हॉर्नवाला ट्रकड्रायव्हर भांडायला म्हणून उतरला होता. त्यानं एका नजरेत ओळखलं आणि नवऱ्याला वाऱ्याच्या दिशेनं ओढून नेलं. "धूर गेलाय आत," तो म्हणाला. "बोलत राहा त्यांच्याशी." आणि फोन लावायला वळला.

ती बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. बऱ्याच वेळानं नवऱ्यानं उलटी केली आणि चष्मा कुठे आहे असं विचारलं.

हॉस्पिटलमध्ये दोघांनाही ऑक्सिजनचे मास्क लावले. तिचा लवकर निघाला. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गाडीचं काही काम केलं होतं का?"

"हो. खराब गॅस्केट पुन्हा घालायला मीच लावलं," ती म्हणाली. "तो नको म्हणत होता."

मुलगी आली ती थेट बापाच्या पलंगापाशी गेली. बऱ्याच वेळानं बाहेरच्या बाकावर आईशेजारी येऊन बसली. "सोमवारपर्यंत थांबता नसतं आलं, आई?"

"नाही आलं," ती म्हणाली.

नवरा चिडला नाही, ते तिला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला जवळ बोलावलं. "एक विचारू? तुला एवढं पोचायचं कुठं असतं?"

ती खिडकीपाशी उभी होती. "कुठंच नाही हो. थांबलं की छातीत काहीतरी सरकतं. लहानपणापासून. मला वाटलं, ही गाडी झाली की शांत वाटेल."

"वाटलं?"

"एक संध्याकाळ."

त्यानं मान हलवली. एखाद्या ओळीत चूक नाही, पण तरीही ओळ बरोबर वाटत नाही, अशा वेळी तो हलवायचा तशी.

टो केलेली गाडी शेडमध्ये पोचली तेव्हा सायलेन्सरवाला बाहेरच उभा होता. "मी नाही म्हणायला पाहिजे होतं," तो म्हणाला. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात." मग त्यानं सगळं पुन्हा उघडलं. नवं गॅस्केट, नवे बोल्ट, सांध्याजवळ साबणाचं पाणी मारून तपासणी, आणि शेवटी धूर मोजायचं यंत्र. या वेळी ती स्टुलावर बसली. तिचे गुडघे सारखे हलत होते, स्टूल टकटक वाजत होतं. काम संपल्यावर सायलेन्सरवाल्यानं धूर मोजल्याचा कागद हातात दिला, तो तिनं नवऱ्यासारखा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

गाडी छान झाली. पाय दाबला की निघायची. सेटिंग तिनं वाढवलं नाही.

नवरा मात्र त्या गाडीत बसायला तयार होईना. "राग नाही," तो म्हणाला. "अंग नको म्हणतं." तिनं आग्रह केला नाही, हे तिला जमलेलं मोठं काम. मग महिन्यातून एकदा मुलीकडे जायचं तेव्हा तो सकाळी बसनं निघायचा आणि ती त्याच्या मागाहून गाडीनं. डोंगरात कुठंतरी त्याची बस तिला दिसायची. खिडकीशी पुस्तकात खुपसलेलं डोकं. ती हॉर्न द्यायची. तो वर बघायचा नाही.

ती आधी पोचायची आणि बसस्थानकात येरझारा घालायची. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वेळापत्रकाची पाटी, पाण्याचा नळ, पुन्हा पाटी. टपरीवर दोन चहा घ्यायची. बस उशिरा यायची, तोवर चहा गार व्हायला लागायचा आणि दोन्ही तीच पिऊन टाकायची.

बस आली की तो सगळ्यात शेवटी उतरायचा.

"कधी आलीस?"

"आत्ताच," ती म्हणायची आणि तिसऱ्या चहासाठी टपरीकडे निघायची.