बिनदोऱ्याचं मशीन

दुपारी दोन ते चार टेलरकाकूंचं मशीन खडखडत राहायचं आणि त्या दोन तासांत एक टाकासुद्धा पडायचा नाही. चार वर्षं ही गोष्ट घरात कुणाच्या लक्षात आली नव्हती.

कारण साधं होतं. मशीन चालू असलं की काकू कामात आहेत आणि थांबलं की रिकाम्या आहेत, असा घरचा हिशेब. आणि बाई रिकामी दिसली की कुणाला ना कुणाला काहीतरी सापडेनासं होतं. चष्मा सापडत नाही, औषध सापडत नाही, टॉवेल तर नाकासमोर लटकत असूनही सापडत नाही. सासूबाईंचे कान भारी तिखट. आतल्या खोलीतून लगेच हाक यायची, "सूनबाई, मशीन थांबलं गं! जरा ये."

म्हणून काकूंनी युक्ती काढली. मशीनच्या चाकाची कळ सैल केली की पाय चालतात, चाक फिरतं, पण सुई जागची हलत नाही. पाय खाली हलवत ठेवायचे आणि वर मशीनच्या फळीवर वही ठेवून लिहायचं. अक्षर हिंदकळायचं, पण लिखाण पुढे जायचं.

कादंबरी होती ती, घरोघर जाऊन रुग्णांची सेवा करणाऱ्या एका नर्सची. सतरा प्रकरणं होत आली होती आणि तीन उरली होती. स्फूर्ती बिर्ती काकूंनी ऐकली होती, पण तिची वाट बघत बसायला त्यांना सवड कुठली! त्यांचा अनुभव एवढाच होता, की खोलीत एकटं बसलं की दहा मिनिटांत घरातली माणसं डोक्यातून बाहेर पडतात, आणि ती गेली की दुसरी आत येतात.

मग यजमान निवृत्त झाले. गोदामात कारकून होते, जन्मभर पोत्यांशी बोललेले, स्वभावानं लोण्याहून मऊ. तिसऱ्याच दिवशी खुर्ची घेऊन मशीनपाशी आले.

"एकटीच राबतेस गं इथं. मी बसतो सोबतीला."

बसले. पेपरातल्या बातम्या मोठ्यानं वाचून दाखवू लागले. आता कळ सैल करायची सोय नव्हती. काकूंनी गिऱ्हाइकांचे कपडे संपवले, मग पडदे शिवले, उशांचे अभ्रे शिवले, मिक्सरला झगा शिवला, पिशव्या शिवल्या आणि शेवटी त्या पिशव्या ठेवायला एक मोठी पिशवी शिवली. नऊ दिवस कादंबरीतली नर्स एका घराची बेल वाजवून दारात ताटकळत होती.

दहाव्या दिवशी काकूंनी मनातल्या मनात ते दार उघडून बघितलं. नर्स काय बोलेल ते त्यांना ऐकूच येईना. आणखी चार दिवस असे गेले तर ही बाई आपल्याला कायमची सोडून जाईल, हे त्यांना स्वच्छ कळलं. त्यांनी पाय थांबवले.

"अहो, तुम्ही बाहेर बसा."

"का गं? उकडतंय?"

"मला एकटीला बसायचंय."

"बरं, मी बोलत नाही. हा बघ, पेपर मिटला."

"तुम्ही गप्प बसलात तरी असताच ना!" काकूंनी खणातून वही काढली. "मी लिहिते. रोज दोन ते चार. चार वर्षं झाली."

"आणि मशीन?"

"रिकामं चालवते."

यजमान मशीनकडे बघत राहिले, जणू त्यानंच दगा दिला होता. "मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही रोज कौतुकानं विचारलं असतं, कुठवर आलं म्हणून. मग मी तुम्हाला सांगण्यासाठी लिहीत बसले असते."

"वाचायला तरी देशील?"

"पुरं झालं की पहिलं तुम्हालाच. आता मात्र उठा."

ते उठले. खुर्ची मुद्दाम चौकटीला आपटत बाहेर गेले. काकूंना वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. तरी त्यांनी दार लावलं आणि पाय जमिनीवर स्थिर ठेवून वही उघडली. चार वर्षांत पहिल्यांदा ती खोली शांत होती. आपण रडणार असं त्यांना वाटत होतं, पण कादंबरीतलं दार उघडलं, नर्स बोलू लागली, आणि काकूंना डोळे पुसायलाही उसंत मिळाली नाही.

त्या दिवशी सासूबाईंचा जरा डोळा लागला होता, पण तिसरं पान भरत आलं तेव्हा त्यांची हाक आलीच. "सूनबाई! मशीन थांबलं गं!"

काकूंचा पाय सवयीनं उचलला गेला. त्यांनी तो तसाच खाली टेकवला.

"आई, ती लिहितेय!" बाहेरून यजमान खेकसले. आवाजात राग जसाच्या तसा होता. "पुस्तक लिहितेय ती!"

मग सासूबाईंचा आवाज आला, "अरे मग ओरडतोस कशाला मेल्या? हळू बोल."