काचेच्या टाकीतला मांगूर

रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कारखान्याने खाडीकाठच्या गावांना फसवलं आणि त्या गावांना त्याच्या दारापर्यंत हाताला धरून नेणारा मी होतो. फसली नाही ती एकटी चांगुणाआत्या.

आत्या कुंडलिकेच्या खाडीवरच्या गावातली मासळीवाली. मी पेणच्या बाजारातला व्यापारी, डोक्यावर टोपल्या वाहून वर आलेला. घासाघीस करताना मला गप्प बसवणारं माणूस पेणपासून रोह्यापर्यंत ती एकच. मी तावातावाने बोलायला लागलो की ती मासा उचलायची, अंगठ्याने कल्ला उघडायची, स्वतः हुंगायची आणि मग माझ्या नाकाशी धरायची. “बोल आता शेट, काय बोलतोस ते.” शेट हा शब्द ती असा म्हणायची की मी पूर्वी काय होतो ते आजूबाजूच्या चार जणींना कळावं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर खाडीच्या मासळीला रॉकेलसारखा वास यायला लागला. शिजवली की जास्तच. गिऱ्हाइकं विचारायला लागली, कुठली मासळी? बाकीच्या बायका बेधडक दुसऱ्या खाडीची, धरमतरची म्हणून सांगायच्या. एकीने खरं सांगितलं की सगळ्या बाजाराचा भाव पडतो, म्हणून आत्यालाही मी तेच सांगायला लावत होतो. ती गिऱ्हाइकाला म्हणाली, “रोह्याचीच हाय गो. वास घेऊन बघ, नको तर ऱ्हाऊ दे.” गिऱ्हाईक गेलं. मी आत्यावर एवढा ओरडलो की शेजारणीची सुरी हातातच राहिली. आत्याने टोपलीवर ओलं फडकं टाकलं. “ती पोरांना खायला घालणार रं. ओरडतोस कुणावर?”

दोन मुलगे, एक होडी आणि ही खाडी, एवढ्यावर तिचं घर चालत होतं. टोपली रोज भरलेली परत जायला लागली.

गावांनी तक्रारी केल्या. कारखान्याला तर वाढायचं होतं आणि त्यासाठी गावांची हरकत नाही असा कागद हवा होता. म्हणून त्यांनी गावकऱ्यांना आणि त्यांची मासळी घेणाऱ्या मला चहाला बोलावलं, आणि सगळ्यांना घेऊन मीच गेलो. फाटकावर ‘आम्ही निसर्गाचे सोबती’ अशी पाटी होती, तिचा हिरवा रंग अजून हाताला लागत होता. आत कुंड्या, बिस्किटं आणि मऊ बोलणारे एक साहेब. त्यांनी आम्हाला काचेच्या टाकीसमोर उभं केलं. कारखान्यातून बाहेर जाणारं पाणी हेच, म्हणाले. आत मासे सपासप फिरत होते.

माझ्या धंद्यात उड्या मारणारा मासा म्हणजे चोख माल. सारा जन्म मी तेवढंच बघून माल उचलला होता. हरकत नसल्याच्या कागदावर मी सही केली. शेटने केली म्हणजे बघूनच केली असणार, असं म्हणत माझ्यामागे गावाने रांग लावली.

आत्या टाकीपाशीच उभी होती. एक मासा वर आला, तोंड पाण्याबाहेर काढून हवा घेतली आणि खाली गेला. मग दुसरा. ती म्हणाली, “साहेब, ह्यो मांगूर हाय. वरची हवा खाऊन जगतो. गटारात टाका, चिखलात टाका, मरायचा नाय. आमच्या खाडीत बोय होती. ती ठेवा हितं. जगली की मी अंगठा देते.”

साहेब हसून म्हणाले, “मासा तो मासा, आजी.” आणि मी, मासळीचा व्यापारी, शिकलेल्या माणसापुढे लाज आणू नकोस म्हणून आत्यालाच दटावलं. ती अंगठा न देता निघून गेली.

आठ दिवसांनी ती हंड्यात चार जिवंत बोया घेऊन आली, खाडीच्या मुखाकडून आणलेल्या. मला बाजारातून उठवून तिने कारखान्यावर नेलं. रखवालदाराने फाटकावर अडवलं. मग तिने भिंतीबाहेर येणाऱ्या नाल्याचं पाणी घमेल्यात भरलं आणि त्यात एक बोय सोडली. मी विडी पेटवली होती. ती अर्धी व्हायच्या आत बोय आडवी झाली.

“आता सही खोड,” आत्या म्हणाली.

मी फाटकाशी तमाशा केला तेव्हा साहेब बाहेर आले. कागद वर गेला म्हणाले. नाल्याचं पाणी आमचं नाही, पावसाचं आहे. मे महिना होता.

कारखाना वाढला. आत्याची होडी चिखलात कुजली आणि तिचे दोन्ही मुलगे त्याच कारखान्यात शिफ्टवर लागले. ती पेणला येऊन परगावची सुकट विकायची आणि कुणी न विचारताच सांगायची, आमची नाय ही. मला मात्र तिने परत कधी शेट म्हटलं नाही, नुसतं ‘ओ’ म्हणायची. मी माफी मागायला गेलो तेव्हा म्हणाली, “मला काय सांगतोस? खाडीवर जाऊन सांग.” चार वर्षांनी ती गेली.

साहेबांची तोवर बदली झाली होती. झाडं लावली म्हणून त्या कारखान्याला एक ढालही मिळाली. मी सही केली, हे मी तिच्या गावात भर सभेत सांगितलं, शिव्या खाल्ल्या. आता दुसऱ्या माणसाची पाळी आहे. त्या टाकीत सोडायला बोय, कोळंबी, काहीही चाललं असतं. कुणीतरी मुद्दाम मांगूर मागवला. अडाणी माणूस मांगूर निवडत नाही. ज्याने निवडला त्याला खाडीचं काय होणार ते आमच्या आधी माहीत होतं. त्याने आत्याच्या मुलांसमोर उभं राहावं आणि स्वतःचं नाव घेऊन सांगावं, तो मासा मी निवडला.