एकाच माणसाची दोन पत्रं

तुमच्या पैशाचं तुम्हीच वाटोळं करायला निघालात, तर तुम्हाला अडवायचा हक्क कुणाला आहे? पटकन उत्तर देऊ नका. नंबरकाकांनी पटकन दिलं होतं. दोनदा दिलं, आणि दोन्ही वेळा वेगळं.

नंबरकाका म्हणजे चौकातले चष्मेवाले. माणसाचं नाव विसरतील, पण त्याच्या डाव्या डोळ्याचा नंबर झोपेतही सांगतील. तीस वर्षं डोळ्यापुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय की मघाशी?"

त्यांची थोरली बहीण, ताई, दोन दुकानं पलीकडे शिवणकाम करते. दोघांनी मोबाइलवरून 'दुप्पट फंड' घेतला होता. शेअर बाजार आज एक टक्का चढला की हा दोन टक्के चढणार, उतरला की दोन टक्के उतरणार. काकांनी चिमूटभर घेतला. ताईने भावाच्या भरवशावर नव्या मशीनसाठी साठवलेली सगळी पुंजी ओतली. वर्षभर बाजार वरखाली नाचला आणि होता तिथे येऊन थांबला. फंड मात्र बराच खाली राहिला.

अशात बाजारावर देखरेख करणाऱ्या कचेरीने नियमाचा मसुदा काढला. असले जोखमीचे फंड विकण्याआधी दलालाने गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायचे. उत्तरं चुकली तर विकायचा नाही. लोकांनी शुक्रवारपर्यंत मतं कळवायची. दलालाच्या अ‍ॅपवर विरोधाचं पत्र तयारच होतं. त्याचं बटण तळहाताएवढं, आणि मसुदा वाचायची ओळ मुंगीएवढी. ताई म्हणाली, "दाब." काकांनी दाबलं. दुसऱ्या दिवशी गुंतवणूकदार संघटनेचे लोक पाठिंब्याचं छापील पत्र घेऊन दुकानात आले. काकांनी त्यावरही सही ठोकली.

बुधवारी कचेरीतल्या बाईंचा फोन आला. "तुमची दोन पत्रं आलीत. एकात नियम नको, एकात हवा. कोणतं ठेवू?"

"दोन्ही ठेवा की. आलटून पालटून लावून बघा, कशाने स्पष्ट दिसतंय ते."

"असं नसतं हो काका. शुक्रवारपर्यंत एक सांगा, नाहीतर दोन्ही बाद."

काका तडक ताईकडे गेले. ती बाही जोडत होती. "त्यात विचारायचं काय? नको म्हण. मला अजून घ्यायचाय, गेलेलं भरून काढायचंय. आणि माझी परीक्षा घेणारे हे कोण लागून गेले? कात्री विकताना विचारतात का, बाई, कापता येतं का म्हणून?"

"बरोबर आहे तुझं."

"मग तोंड का पाडलंस?"

"समजा विचारलं असतं, तर पास झाली असतीस?"

"विचार की."

काकांनी मोबाइलवर मसुदा उघडून त्यातला नमुन्याचा प्रश्न वाचला. "बाजार शंभरावरून नव्वदवर आला. मग परत शंभरावर गेला. तुझा फंड कुठे?"

"शंभरावर. आणखी कुठे जाणार, माहेरी?"

काकांनी तिचाच खडू घेऊन चिंधीवर मांडलं. बाजार दहा टक्के पडला, फंड वीस टक्के, उरले ऐंशी. बाजार अकरा टक्के चढला, फंड बावीस. पण बावीस टक्के ऐंशीवर, म्हणजे सतरा-अठरा. शंभर काही होईनात.

ताईने आकडे दोनदा वाचले. "हे तुला कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात, दोन्ही पत्रं देऊन झाल्यावर. मसुद्याच्या शेवटच्या पानावर आहे."

"आणि मला घ्यायला लावलास तेव्हा काय म्हणालास?"

"बाजार परत येतोच. तो आला की आपणही आलो."

"म्हणजे नापास तू झालास, आणि मशीन माझं गेलं."

काकांनी खडू तिच्या पुढ्यात ठेवला. दुकानात परतले तरी डोक्यातला गुंता सुटेना. नियम असता तर ताई वाचली असती? की दलालाच्या प्रश्नांची उत्तरंही त्यांनीच तिच्या कानात सांगितली असती, तितक्याच ठामपणे? मसुद्यात दलालासाठी बारा कलमं होती, गिऱ्हाइकासाठी नऊ. भावासाठी एकही नव्हतं. आणि ताईचं तरी काय खोटं होतं? घाम तिचा, पैसा तिचा.

गुरुवारी त्यांनी दोन्ही पत्रं मागे घेतली आणि स्वतःच्या हाताने तिसरं लिहिलं. 'नियम हवा की नको, मला ठरवता येत नाही. मला जे कळलं नव्हतं ते मी बहिणीला समजावलं. विकणाऱ्याने हे गणित गिऱ्हाइकाकडूनच कागदावर करून घ्यावं. मग घ्यायचं की नाही ते तिचं ती बघेल.'

बाईंचा पुन्हा फोन. "काका, हे कोणत्या गठ्ठ्यात टाकू?"

"मला कळलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं नसतं का?"

तुमच्याकडे असला फंड असेल तर दलालाचं बटण दाबू नका, संघटनेच्या कागदावरही डोळे झाकून सही करू नका. चार ओळी स्वतः लिहा, आणि फंड कुणाच्या सांगण्यावरून घेतलात, तेवढं त्यात खरं सांगा.