अंदाज सर

आमच्या सरांना सरळ प्रश्न विचारला की सरळ उत्तर मिळेल, अशी आशा हिंदी मुलखातल्या आमच्या लष्कर पेठेत कुणीच ठेवत नसे. वय विचारा, फी विचारा, परीक्षेतले मार्क विचारा, चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणत, "अंदाज कर." आपण आकडा सांगायचा, मग ते फक्त "वर" किंवा "खाली" म्हणणार. त्यांचं खरं आडनाव पाटीवर होतं, पण इंदरगंजच्या चौकात "अंदाज सर" म्हटलं तरच ऑटोवाला बरोबर त्यांच्या जिन्यापाशी सोडायचा.

साड्यांच्या दुकानाच्या वर त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. पंखा आवाज जास्त करी, वारा कमी. पहिला प्रोग्राम अर्थातच अंदाजाचा. कॉम्प्युटरने एक आकडा मनात धरायचा आणि 'खेळाडू'ने तो ओळखायचा. हा खेळाडू नावाचा मूळ 'क्लास', म्हणजे प्रोग्राममधला साचा, सरांनीच लिहून दिला होता. तो आल्यावर नमस्कार करी, हरल्यावर हसून निरोप घेई, अंदाज मात्र डोळे मिटून ठोकून देई. आम्ही त्याचा वारसा घेऊन आपापला खेळाडू करायचा आणि अंदाजाची मेथड, म्हणजे अंदाज करायची रीत, तेवढी नव्याने लिहायची. "वर", "खाली" ऐकून सुधारणारी.

मी अतिशहाणपणा केला. मूळ क्लास सगळाच्या सगळा आपल्या फाइलीत उतरवून घेतला आणि तिथेच अंदाज बदलला. प्रोग्राम छान चालला.  दुसऱ्या दिवशी सरांनी मूळ क्लासमधला 'नमस्कार' काढून 'राम राम, या बसा' असं लिहिलं. त्याला जोडलेले सगळ्यांचे खेळाडू आपोआप राम राम करू लागले. माझा एकटा आपला कोरडा नमस्कार करत बसला. पोरं हसली.

"अरे बेटा, तू तर पूरा घरच उचलून आणलंस!" सर म्हणाले. "आता तिकडे काही चांगलं झालं, तर तुझ्यापर्यंत पोचेल कसं? बाकी सगळं बापाकडून घे. जिथं पटत नाही ना, तेवढी एकच मेथड आपली लिही."

पुढे मला पुण्यात नोकरी लागली आणि बाबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. "आपल्या घरातल्या मुली बाहेरगावी एकट्या राहत नाहीत," एवढं म्हणाले आणि गप्प झाले. मीही त्यांचीच मुलगी. सरांना पेढे द्यायला गेले तेव्हा मी तणतणत म्हणाले, "आता या घराशी माझा काही संबंध नाही."

सरांनी पेढा हातातच धरला. "परत तेच करून राहिलीस. पूरं घर कशाला सोडते? जायचं ना, बिल्कुल जा. पण फोन रोज कर. ते बोलोत, न बोलोत."

मला रागच आला. या माणसाला जळी स्थळी क्लासच दिसतात, असं वाटलं. तरी फोन रोज केला. आई उचलायची. मागे बाबा टीव्हीचा आवाज कमी करायचे, तेवढंच त्यांचं बोलणं.

सर मात्र दर रविवारी बाबांकडे जाऊन बसू लागले. माझा विषय काढत नसत. आई फोनवर हसत सांगायची, "अगं, पोह्यांत शेंगदाणे किती, यावर दोघांचं चालू आहे. हे चिडतात, पण आकडा सांगतात हं!" आपलं काम टाकून हा म्हातारा माझ्या बापाची खिडकी किलकिली ठेवतोय, हे मला समजत होतं. सरांना कधी तसं म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं.

परवा सकाळी फोन वाजला. आईचा नव्हता, बाबांचा होता. पुण्याला आल्यापासून पहिलाच.

"अंदाज सर गेले," ते म्हणाले. "झोपेतच."

मला रडू आवरेना. बाबांनी फोन ठेवला नाही. मी सावरेपर्यंत ते तसेच थांबले, मग म्हणाले, "तू कधी निघून राहिलीस?"

"अंदाज करा, बाबा."



"रविवारी?"

"खाली."

"उद्या?"

"खाली," मी म्हणाले.

"स्टेशनवर येतो," बाबा म्हणाले.