पिंडापुढे दिलेला शब्द

बाबांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. खाडीकाठी आम्ही सगळे वाट पाहत उभे होतो. "अरे, बागेचं बोल, पुस्तकाचं बोल, कायतरी बोल! ऊन चढलं," काका दादावर खेकसले. दादाने हात जोडले. "बाबा, तुमचं पुस्तक मी छापून घेतो." थोड्या वेळाने कावळा आला.

पुस्तक म्हणजे आमच्या आंब्याच्या कलमांच्या बागेच्या आठवणी. बाबा त्या कित्येक वर्षं लॅपटॉपवर लिहीत होते. दादा परराज्यातला आंबा आमच्या नावाच्या पेट्यांत हापूस म्हणून भरतो, हेही त्यांनी लिहिलं होतं, आणि तसं त्याला तोंडावर सांगितलंही होतं.

तेराव्यानंतर मी लॅपटॉप उघडला. पुस्तकाचा फोल्डर रिकामा होता. पाली गावची माझी एक वर्गमैत्रीण मुंबईत कॉम्प्युटरमधले पुरावे तपासायचं काम करते. डिलीट केलेलं पुष्कळदा परत मिळतं, असं ऐकून होते. ती सुट्टीला आली तेव्हा लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला.

"अगं, हे डिलीट नाही. पुसायचं सॉफ्टवेअर वापरलंय. ते मजकुरावर कचरा लिहून ठेवतं. अक्षर मिळणार नाही." मग तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "पण फरशी पुसणारा ओलं फडकं इथेच टाकून गेलाय."

सॉफ्टवेअर नंतर काढून टाकलं होतं, तरी ते कधी चाललं याची नोंद राहिली होती. शेवटी उघडलेल्या फायलींची नावंही राहिली होती. वेळ दहाव्याच्या सकाळची होती, आम्ही खाडीवर निघण्याआधीची. त्या सकाळी दादा बाबांच्या खोलीत दार लोटून बसला होता. मी आत जायला निघाले तर आई म्हणाली, "राहू दे. रडू दे त्याला."

तिथून उठून त्याच हातांनी त्याने पिंड ठेवले.

मी विचारायला गेले तेव्हा तो पेटीत पेंढा दाबत होता. "स्लो झाला होता गो, साफ केला."

"आणि पिंडापुढे दिलेला शब्द?"

"कावळा शिवला ना? झालं तर."

तेव्हापासून त्याने वाढलेलं मी खात नाही. पानावर आंब्याची फोड आली की त्याची बोटं आठवतात आणि मी ती बाजूला सारते. आईला मी काही सांगितलेलं नाही. पुस्तक कधी छापणार, असं ती अजून त्यालाच विचारते.

लॅपटॉप माझ्याकडे आहे. त्यात प्रकरणांची नावं आहेत: कातळ फोडला तेव्हा, पहिला मोहोर, पेटीतला परका आंबा. मजकूर नाही.